ब्रश, ओपॅसिटी आणि लेअर : नवोदित डिजिटल चित्रकारासाठी

शेकडो ब्रश गोळा करण्याऐवजी तुम्ही आधी साध्या, ठळक कडेच्या गोल ब्रशवर हात बसवावा, असे मी आग्रहाने सांगेन. फोटोशॉपमध्ये ओपॅसिटी (रंगाची अपारदर्शकता) ५० टक्के ठेवली, तर पेन न उचलता त्याच जागी कितीही फिरवला तरी रंग त्या मर्यादेपलीकडे गडद होत नाही. उलट फ्लो (ब्रशमधून रंग उतरण्याचे प्रमाण) कमी ठेवल्यास प्रत्येक फेरीबरोबर रंग साचत जातो. हा फरक हाताला उमगला, की छटा मिसळणे पुष्कळ सोपे होते (रंग बोटाने पुसल्यासारखे पसरवणाऱ्या स्मज टूलच्या अतिवापराने मात्र चित्र धुरकट दिसते). रेखाटन आणि रंग वेगळ्या लेअरवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पारदर्शक थरांवर, ठेवावेत. खोडण्यासाठी शक्यतो लेअर मास्क (लेअरचा भाग न पुसता नुसता झाकणारा पडदा) वापरावा, कारण त्यावर काळ्या रंगाने झाकलेला भाग पांढऱ्या रंगाने पुन्हा जसाच्या तसा मिळवता येतो.