नाशकात ‘शेवटचं दहिवर’ कधी पडतं?

काकू, नमस्कार. मुलीनं मिशिगनहून टोमॅटो आणि ढोबळी मिरचीच्या बियांची पाकिटं पाठवलीत. मागे लिहिलंय, ‘शेवटच्या फ्रॉस्टच्या सहा ते आठ आठवडे आधी घरात पेरा.’ फ्रॉस्ट म्हणजे गोठलेलं दहिवर, तर नाशिकची ही तारीख कुठे मिळेल? दुसरं म्हणजे, गेल्या जानेवारीत पेपरात किमान तापमान ६ अंश आलं होतं. तरीही कंपाउंडच्या भिंतीलगतची माझी मिरची एका रात्रीत काळी पडली. शेजारच्यांची आंब्याखालची मात्र मजेत होती. असं का?
— एक वाचक, नाशिकरोड

ताई, आधी मिरचीचं बोलू, कारण पाकिटाचं उत्तर त्यातच आहे.

पेपरातला आकडा वेधशाळेच्या पांढऱ्या पेटीतला. ती पेटी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, म्हणजे आपल्या कमरेच्या थोडी वर असते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन आपली ऊब सरळ आभाळात सोडून देते, आणि जमिनीलगतची हवा पेटीतल्या हवेपेक्षा ३-४ अंशांनी सहज थंड होते. त्यात थंड हवा जड. ती उतारानं पाण्यासारखी वाहत येते आणि तुमच्या भिंतीला अडून तिथेच तळं करून बसते. मिरची मुळात उन्हाळी जीव. तिला काळं पडायला गोठण्याचीही गरज नसते. शेजारच्यांच्या झाडावर आंब्याचं छत्र होतं, त्यानं जमिनीची ऊब अडवली. तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाहीत, कुंडी फक्त चुकीच्या कोपऱ्यात होती.

आता तारीख. तिकडे ‘शेवटचं फ्रॉस्ट’ म्हणजे हिवाळा संपताना पारा शेवटचा शून्याला टेकतो तो दिवस. बऱ्याच वर्षांच्या नोंदींवरून तो काढतात. मिशिगनच्या बऱ्याच भागात तो मे महिन्यात कधीतरी येतो. एक खाचखळगा तिथेही आहे: छापलेली तारीख बहुधा मधली असते. म्हणजे निम्म्या वर्षांत त्या तारखेनंतरही दंव गोठतं! म्हणून तिकडचे जुने माळी त्यानंतर आणखी आठ-पंधरा दिवस थांबतात.

नाशिक शहराला अशी तारीख लावून उपयोग नाही, कारण बहुतेक वर्षी इथे शून्य येतच नाही. निफाडचं वेगळं. पेपरात ‘निफाडचा पारा’ म्हणून येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. डिसेंबर २०१८च्या अखेरीस तो २ अंशांच्याही खाली गेला होता. अशा रात्री द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे विहिरीचं पाणी सोडतात. ते पाणी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून. धुराचा मात्र लोक समजतात तितका उपयोग नाही. जी काय मदत होते ती आगीच्या उबेची.

आमच्या मखमलाबादच्या अंगणात मी गेली काही वर्षं साधा कमाल-किमान थर्मामीटर गुडघ्याइतक्या उंचीवर, मेथीच्या वाफ्यात खुंटीला टांगते. वहीत रोज एक ओळ. त्यातून माझ्या दोन तारखा निघाल्या. पारा १२च्या खाली जायला लागतो तो नोव्हेंबरचा मध्य, आणि १२च्या वर टिकायला लागतो तो फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. तुमच्या भिंतीपाशी हे दोन्ही पाच-दहा दिवस इकडेतिकडे असेल. १२-१३ हाच आकडा का? रात्री त्याखाली गेल्या की टोमॅटोचं फूल धरत नाही, गळतं. शून्यावर नजर ठेवून आपलं पीक जमणार नाही.

दुसरं टोक ते पाकीट सांगतच नाही, आणि आपल्याला खरा फटका तिथे बसतो. मार्चच्या मध्यानंतर दुपारचा पारा ३५कडे सरकतो आणि पुन्हा फूलगळ सुरू. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणतात. टोमॅटोसाठी त्याच दिवशी कर्फ्यूही लागतो असं समजा.

तेव्हा त्या बियांचं असं करा. निम्म्या बिया सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये पेरा आणि २५-३० दिवसांनी, पाऊस ओसरत असताना, दसऱ्याच्या आसपास लावा. थंडी पडायच्या आत पहिली फुलं धरतील. उरलेल्या बिया जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घरात, उन्हाच्या खिडकीत पेरा. बी गारठ्यात रुसून बसतं, म्हणून रात्री ट्रे ओट्याजवळ ठेवा. फेब्रुवारीच्या मध्याला बाहेर काढा आणि मार्चनंतर दुपारी शेडनेटची सावली द्या. या दुसऱ्या फेरीत छोटे चेरी टोमॅटो असले तर बरं, मोठ्या जातींपेक्षा ते उन्हाला दाद देत नाहीत. ढोबळी मिरचीला हेच वेळापत्रक, फक्त रोपं तयार व्हायला दोन आठवडे जास्त धरा.

कडाक्याच्या रात्री संध्याकाळीच माती भिजवून ठेवा, ओली माती ऊब धरून राहते. वरून जुनी चादर काठ्यांवर टाका, पानांना न टेकवता. मी एकदा पपईच्या रोपावर नुसतं प्लॅस्टिक गुंडाळलं. जिथे जिथे ते चिकटलं तिथली पानं सकाळी उकडल्यासारखी झाली होती. आणि करपलेल्या फांद्या लगेच कापू नका. थंडी सरेपर्यंत त्याच आतल्या कोंबांचं पांघरूण असतात.

कुंड्या भिंतीपासून हलवा, किंवा भिंतीच्या तळाशी एक-दोन विटा काढून गार हवेला वाट द्या.

काकू, मार्चमध्ये पेरलेली कोथिंबीर महिन्याभरात फुलावर जाते. बियाणं बदलू का?
— एक वाचक, सिन्नर

बियाणं नको, तारीख बदला. कोथिंबीर उन्हाच्या धगीनं आणि लांबलेल्या दिवसानं फुलावर धावते. ऑक्टोबर ते जानेवारी दर पंधरा दिवसांनी मूठभर धणे रगडून पेरत राहा. मार्चमध्ये हवीच असेल तर दुपारी सावली येणाऱ्या जागी दाट पेरा, वीतभर झाली की उपटून खा. फुलावर गेलेली दोन-चार झाडं तशीच ठेवा, मधमाश्या येतात आणि पुढच्या वर्षीचे धणेही घरचेच होतात.