आठ बायकांशी बोलणं म्हणजे संशोधन का?

प्रश्न : माझी मुलगी लातूरला बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. दुसऱ्या वर्षाला ७१ टक्के होते. कॉलेजच्या प्रकल्पासाठी ती आठ ऊसतोड महिलांच्या मुलाखती घेते आहे आणि आता म्हणते, एमए करून याच 'गुणात्मक संशोधना'त करिअर करायचं. मी बँकेत अधिकारी आहे. हजार लोकांचा सर्व्हे केला तर समजू शकतो, पण आठ बायकांशी गप्पा मारून कसलं संशोधन होतं? तिच्या नकळत मी तिच्या मोबाइलमधल्या दोन मुलाखती ऐकल्या. सगळं घरगुती रडगाणं. (इथे एका महिलेचं नाव, गाव आणि आजारपणाचा तपशील होता, तो काढून टाकला आहे.) गणित नको म्हणून हे धरलंय, असं ती स्वतःच एकदा बोलून गेली. तिने एमबीए सीईटी द्यावी, नाहीतर बँकेच्या परीक्षा. तुम्ही तिला समजवाल का?
– एक पालक

उत्तर : टक्के, सीईटी, बँक या सगळ्याकडे येऊ. पण तुम्ही जी गोष्ट पुरावा म्हणून दिली आहे, ती मला सगळ्यात जास्त खटकली. तुम्ही त्या मुलाखती ऐकल्यात आणि त्या बाईचं नाव-गाव-दुखणं एका अनोळखी माणसाला लिहून पाठवलंत. तुमच्या शाखेतल्या खातेदाराची शिल्लक तुमच्या मुलीने चोरून पाहिली आणि पेपरला कळवली, तर तुम्ही काय म्हणाल? हे त्याहून गंभीर आहे. खातेदार निदान बँकेवर तक्रार करू शकतो. या बाईला तर आपलं बोलणं कुणी ऐकलं हेसुद्धा कळणार नाही. ती बोलली तुमच्या मुलीशी. 'हे माझ्याकडेच राहील' एवढ्याच भरवशावर.

तेव्हा आधी हे करा. ऐकलं हे मुलीला आजच सांगा. फाइल कुठे पाठवली असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा स्वतःच्या मेलवर, तर तिथूनही काढा. पुढे काय करायचं, त्या महिलेला सांगायचं का, मुलाखत वापरायची का, हे मुलगी तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांशी बोलून ठरवेल. तुम्ही नाही. मुलगी चिडेल. तिला चिडू द्या.

आता 'रडगाणं'. तुम्ही ऐकलेल्या मुलाखतींना मी हात लावणार नाही, एक कल्पित वाक्य घेतो. समजा, एखादी बाई म्हणाली, "पोटात दुखत होतं, पण फडावर गेले. बसले असते तर खाडा पडला असता, दोघांचा." (खाडा म्हणजे कामाचा बुडालेला दिवस.) ऐकणाऱ्याला हे रडगाणं वाटेल. संशोधन शिकणारी नवखी मुलगी समासात 'आरोग्य' असं लिहील आणि पुढच्या ओळीकडे जाईल. ते 'आरोग्य' निरुपयोगी आहे, कारण त्या कप्प्यात काहीही मावतं. जरा जाणती मुलगी लिहील, 'खाडा टाळायला दुखणं अंगावर काढणं'. आणि 'दोघांचा' या शब्दाशी थांबून दुसरी नोंद करील, 'नवऱ्याच्या मजुरीचा भार स्वतःच्या अंगावर घेणं'. कारण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर दिलेली असते. एक बसला की जोडी बसते. या कामाला कोडिंग म्हणतात. मग बाकीच्या सात मुलाखती याच नजरेने पुन्हा वाचायच्या. कोण असं म्हणालं, कोण नाही, आणि मुख्य म्हणजे दुखत असताना खरंच कोपीवर (राहायच्या झोपडीत) थांबलेली एखादी आहे का? ती का थांबू शकली? मुकादम (मजुरांची टोळी नेणारा) नात्यातला होता, की सासू सोबत होती, की उचल फिटली होती? आपल्या निष्कर्षाला न जुमानणारी ही एक बाई सापडली, की खरा अभ्यास सुरू होतो. तिला वगळून लिहिलेला प्रबंध मी तरी गंभीरपणे घेणार नाही.

हजार विरुद्ध आठ हा तुमचा मुख्य आक्षेप. तो तुमच्या एकट्याचा नाही, पुष्कळ प्राध्यापकांचाही आहे, म्हणून नीट सांगतो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि राज्य सरकारने समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, असं पुढे आलं. हा आकडा आठ मुलाखतींतून कधीच मिळाला नसता. पण शस्त्रक्रियेचा विषय घरात पहिल्यांदा कुणी काढला, डॉक्टरांनी नेमकं काय सांगितलं, कॅन्सरची भीती कुठून आली, पैसे कुणी दिले आणि ते पुढच्या उचलीत वळते झाले का, हे त्या ८२ हजारांच्या तक्त्यात येत नाही. 'किती' हे एका पद्धतीने कळतं, 'कसं' दुसरीने, तिलाच गुणात्मक म्हणतात. आठ ही संख्या लहान आहे की नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न, हीच आठ का? आठही जणी एकाच टोळीतल्या आणि मुकादमाने गाठ घालून दिलेल्या असतील, तर आठच्या ऐंशी केल्या तरी उपयोग नाही. एक तरुण, एक म्हातारपणाकडे झुकलेली, लेकरं सोबत नेणारी, लेकरं गावी ठेवणारी, थोडी जमीन असलेली, जाणं बंद केलेली, अशा निवडल्या असतील तर आठात बरंच हाती लागतं. 'बारा मुलाखती पुरे' असा एक मंत्रही ऐकायला मिळतो. त्याचं मूळ २००६ च्या एका लेखात आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांत ६० महिलांच्या मुलाखती झाल्या होत्या, त्यांत पहिल्या बारांनंतर नवं फारसं निघालं नाही. पण तो गट बराच एकसारखा होता आणि प्रश्न ठरलेले होते. तो आकडा उचलून कुठेही डकवता येत नाही. नवी मुलाखत नवं काही सांगत नाही असं दिसलं की थांबायचं, आणि ते दिसायला प्रत्येक मुलाखतीनंतर लगेच कोडिंग करावं लागतं. सगळ्या मुलाखती उरकून शेवटी कोडिंगला बसणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. गणित नको म्हणून ती इकडे येत असेल, तर कारण चुकीचं आहे. एमएला बहुतेक ठिकाणी संख्याशास्त्राची ओळख करून घ्यावीच लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा तक्ता वाचता आला नाही, तर आपल्या आठ महिला जिल्ह्याच्या चित्रात कुठे बसतात हे तिला कधी कळणार नाही. नोकरीत तर दोन्ही येणाराच माणूस हवा असतो. आणि कष्टाचं म्हणाल तर इथे गणितापेक्षा जास्त आहेत. एका तासाचं रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवायला पाच-सहा तास लागतात. त्यात मराठवाडी बोली, मागे पोराचं रडणं आणि ट्रॅक्टरचा आवाज असेल तर आणखी. आठ मुलाखतींचे चाळीस-पन्नास तास नुसतं उतरवण्यात जातात, विश्लेषण त्यानंतर. आपोआप टंकलेखन करणारी अ‍ॅप्स या बोलीला अडखळतात. शिवाय आवाज त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो, आणि त्याची परवानगी त्या महिलेकडून कुणी घेतलेली नसते.

तिला समजवायला तुम्ही मला सांगितलं आहे. मी दुसरंच सुचवतो. इथून पुढचं तिला वाचायला द्या.

मुली, एमएचं नंतर बघू. परीक्षा संपल्यावर एक महिना काढ आणि हे काम तुला खरंच आवडतं का ते तपास. आवडतं म्हणजे मुलाखत घ्यायला नव्हे, ती सगळ्यांनाच आवडते. एक मुलाखत स्वतः पूर्ण उतरव, हुंकार आणि थांबण्यासकट. ओळीओळीने कोड लाव. दोन दिवस बाजूला ठेव. कोरी प्रत काढून पुन्हा लाव आणि दोन्ही ताडून बघ. जिथे फरक पडला तिथे का पडला, यावर पानभर लिही. याचा कंटाळा आला तर हे करिअर तुझं नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. सॉफ्टवेअरच्या मागे आत्ता लागू नकोस. एनव्हिवो, अ‍ॅटलास डॉट टीआय वगैरे महाग आहेत. आठ मुलाखतींना एक्सेल किंवा रंगीत पेनं पुरतात, फुकट हवंच तर टॅगेट आहे. कोणतंही सॉफ्टवेअर कोड नुसते सांभाळतं, विचार तुलाच करायचा असतो.

प्रश्न कसे विचारतेस तेही बघ. "तुम्हाला कामाचा त्रास होतो का?" यावर "होतो की" एवढंच उत्तर येतं. "काल पहाटे उठल्यापासून काय काय केलं ते सांगा" म्हटलं की पाणी, सरपण, फड, मोळ्या, गाडी भरणं असं सगळं ओळीने येतं आणि त्रास त्यात आपोआप दिसतो. नवरा किंवा मुकादम जवळ बसला असेल तर ती मुलाखत घरच्यांच्या कौतुकाची होते, तेव्हा विषय बदल आणि पुन्हा ये. शस्त्रक्रियेबद्दल तू होऊन विचारू नकोस. बीएच्या प्रकल्पाला कामाचा दिवस, उचल आणि खाडा एवढा विषय भरपूर आहे. तिने स्वतः काढला तर ऐक, खोदू नकोस. ती रडायला लागली तर रेकॉर्डर बंद. आशाताईंचा किंवा जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर आधीपासून जवळ असू दे.

संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतला म्हणजे काम झालं असं समजू नकोस. उचल घेताना कागदावर अंगठा उठवलेल्या बाईला आणखी एका कागदाची भीतीच वाटते. महाविद्यालयाची मान्यता असेल तर तोंडी संमती रेकॉर्डवर घे. बोलायची परवानगी वेगळी, रेकॉर्डिंगची वेगळी, आणि 'नंतर नको वाटलं तर सांगा, मी काढून टाकीन' हे तिच्या भाषेत. नाव-गावाची वही वेगळी, उतरवलेल्या मजकुरात फक्त क्रमांक, आणि दोन्ही एका जागी नाहीत. नाव बदललं तरी 'तीन मुलींची आई, दीर मुकादम' एवढ्यावरून सगळा तांडा तिला ओळखतो, म्हणून असे तपशीलही बदल किंवा गाळ. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या ज्या गावात राहून अभ्यास केला, त्याला लिहिताना 'रामपुरा' हे बनवलेलं नाव दिलं. त्यांच्याकडून दुसरंही शिक. वर्षानुवर्षं खपून तयार केलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती त्यांनी एकाच अभ्यासिकेत ठेवल्या होत्या, आणि १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला समाजकंटकांनी लावलेल्या आगीत तिन्ही गेल्या. तुझी एक प्रत पासवर्ड घातलेल्या पेनड्राइव्हवर, दुसरी मार्गदर्शकांकडे. मोबाइलमधून फाइल त्याच रात्री हलवायची. घरातल्या सगळ्यांच्या हातात जाणारा फोन ही रेकॉर्डिंग ठेवायची जागा नव्हेच. ही चूक तुझी आहे, बाबांची त्यांना सांगून झाली आहे.

रस्ते तर माहितीचेच आहेत. एमएला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि केंद्रीय विद्यापीठं यांच्यासाठी सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा, पुणे विद्यापीठाची प्रक्रिया वेगळी, पुढे नेट ही पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सध्या पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. टाटा संस्थेचं तुळजापूरचं आवार लातूरपासून लांब नाही, अर्ज भरण्याआधी एकदा जाऊन तिथल्या विद्यार्थ्यांशी बोल.

आणि बाबांच्या काळजीत जे खरं आहे ते दोघांनीही ऐका. या क्षेत्रात सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक प्रकल्पापुरत्या असतात. प्रकल्प संपला की करार संपतो, मग पुन्हा शोधाशोध. पगार बँकेच्या अधिकाऱ्याशी तुलना करण्याजोगा लवकर होत नाही. काम मात्र आहे. आरोग्य आणि शेतीवरच्या स्वयंसेवी संस्था, सरकारी योजनांचं मूल्यमापन करणाऱ्या कंपन्या, बाजार संशोधन, आणि मोबाइल अ‍ॅप लोक कसं वापरतात हे पाहणारे सॉफ्टवेअरवाले. मराठवाडी बोली कळणारी, फडावर जाऊन बसू शकणारी आणि नंतर इंग्रजीत नेटका अहवाल लिहिणारी माणसं कमी आहेत. यातलं तिसरं, इंग्रजी अहवाल, तुझं कच्चं असेल तर गणितासोबत तेही आत्ताच धर.

एमबीए सीईटीचा अर्ज भरून झाला असेल तर पेपर दे, वाया काही जात नाही. प्रवेशाचे पैसे मात्र त्या महिनाभराच्या कोडिंगनंतरच भरा, आणि तो निर्णय मुलीने घ्यावा.