एकच माल जहाजाने चालतो, मग विमानाने का नाही?

ज्वलनशील औद्योगिक रंगाची २०० लिटरची पिंपे ट्रकने बंदरावर जातात आणि तेथून जहाजाने रवाना होतात, मग विमान कंपनी तीच पिंपे का नाकारते, असे आपण विचारले आहे. अशा मालाची कागदपत्रे तपासणे हेच माझे काम असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

तिन्ही मार्गांच्या नियमांचा पाया एकच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींनुसार धोकादायक पदार्थांचे ९ वर्ग पाडलेले असून प्रत्येक नोंदीला चार अंकी यूएन क्रमांक असतो. आपला रंग १२६३, वर्ग ३, म्हणजे ज्वलनशील द्रव. वाहन बदलले म्हणून हा क्रमांक बदलत नाही. बदलते ते एवढेच, की गळती झाली किंवा आग लागली तर वाहनावरची माणसे काय करू शकतील.

ट्रकचालक गाडी थांबवून दूर जाऊ शकतो. त्यामुळे रस्त्याच्या नियमांत त्याचे प्रशिक्षण, गाडीवरील फलक आणि बोगद्यांवरील निर्बंध यांना महत्त्व आहे. जहाजावर बाहेरची मदत लवकर पोहोचत नाही. म्हणून आयएमडीजी संहिता, म्हणजे धोकादायक मालाच्या सागरी वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम, कोणता कंटेनर डेकवर, कोणता खाली आणि कोणता कोणापासून किती दूर ठेवायचा हे ठरवून देते.

विमानात यांपैकी काहीच शक्य नसते. वर हवेचा दाब घटतो, त्यामुळे द्रवाच्या डब्यांना दाबाची वेगळी कसोटी लागते, आणि मालकक्षात पेटलेली आग विझवायला तेथे कोणी जाऊ शकत नाही. १९९६ मध्ये फ्लोरिडात व्हॅल्यूजेटचे विमान कोसळून ११० जण मरण पावले, तेव्हा मालकक्षातील न वापरलेले ऑक्सिजन जनरेटर (रासायनिक क्रियेने ऑक्सिजन तयार करणारी आणि त्या वेळी खूप तापणारी उपकरणे, ज्यांतून आग लागली) कागदावर ‘रिकामे’ म्हणून नोंदलेले होते. विमान कंपन्या कागदांबाबत इतक्या हट्टी का असतात, हे त्यावरून कळावे.

म्हणूनच पॅकिंग ग्रुप २ (पॅकिंग ग्रुप म्हणजे धोक्याची पातळी; १ सर्वाधिक, ३ सर्वांत कमी) मधील रंगाला प्रवासी विमानात प्रत्येक पॅकेजमागे ५ लिटर आणि मालवाहू विमानात ६० लिटर एवढीच मर्यादा आहे. मात्र वर्गीकरण करून घोषणापत्रावर सही करण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची, म्हणजे आपली आहे, एजंटची नव्हे. तेव्हा सुरक्षा माहितीपत्रकाचा विभाग १४ (वाहतुकीची माहिती) आपण स्वतः वाचावा. रंगाचा ज्वलनांक (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते) २३ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल, तर तो सहसा पॅकिंग ग्रुप ३ मध्ये येतो आणि मालवाहू विमानातील मर्यादा २२० लिटरपर्यंत जाते. तसे असल्यास, विमान कंपनीचा स्वतःचा वेगळा निर्बंध नसेल, तर योग्य प्रमाणित पिंप मालवाहू विमानाने जाऊ शकते.