टेक्सासमध्ये घर वाचतं म्हणतात, पण कोणाचं?

तुम्ही विचारलंत की एच-१बीवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला निघालोय, पुण्यातला फ्लॅट तसाच राहील. उद्या दिवाळखोरीची वेळ आली तर कायदा राज्याचा लागतो की केंद्राचा, आणि ‘टेक्सासमध्ये घराला कोणी हात लावत नाही’ हे खरं का. निघण्याआधीच असलं विचारता म्हणून कोणी हसलं तर हसू द्या. इथे अमेरिकेत नोकरी गेली की बहुतेकांचा आरोग्यविमाही जातो, मग दवाखान्याचं बिल खिशातून.

कायदा केंद्राचा, कोर्टही केंद्राचं. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डची अट नाही. अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून समुपदेशन घ्यावं लागतं. या कायद्याच्या चॅप्टर ७ मध्ये, सूट नसलेली (म्हणजे कायद्याने तुमच्याकडे राहू न दिलेली) मालमत्ता ट्रस्टी, म्हणजे त्यासाठी नेमलेला माणूस, विकतो आणि बरीचशी कर्जं माफ होतात. चॅप्टर १३ मध्ये तीन ते पाच वर्षं हप्ते भरायचे. त्याला नियमित उत्पन्न लागतं, आणि एच-१बीवाल्याला नोकरी गेल्यावर थांबायला जास्तीत जास्त ६० दिवस. म्हणजे ही वाट आपल्यासाठी बरीच अरुंद.

राज्य मधे येतं ते आधी, चॅप्टर ७ मिळेल का हे पाहणाऱ्या उत्पन्नाच्या चाचणीत: तुमचं मागच्या सहा महिन्यांचं सरासरी उत्पन्न त्या राज्यातल्या तेवढ्याच कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडून पाहतात. खरा फरक पडतो तो काय वाचतं यात. कॅलिफोर्निया केंद्राची सूट-यादी वापरूच देत नाही, स्वतःच्या दोन याद्या देतं. टेक्सासमध्ये राज्याची किंवा केंद्राची, कोणतीही एक घ्या. राज्याची घेतली तर शहरात १० एकरांपर्यंतच्या राहत्या घराला किमतीची मर्यादा नाही. गृहकर्जाचे हप्ते थकले तर मात्र बँक घर घेतेच, ते या सुटीत बसत नाही.

आता तुमची अडचण. राज्याची यादी वापरायला त्या राज्यात अर्जाआधी ७३० दिवस वास्तव्य लागतं. तेवढं नसेल तर त्या ७३० दिवसांच्याही आधीच्या १८० दिवसांत जास्त काळ जिथे होतात, तिथले नियम. तुम्ही तेव्हा पुण्यात! कुठलंच राज्य लागू नाही, म्हणून केंद्राची यादी, आणि त्यात घरासाठी एप्रिल २०२५ पासून ३१,५७५ डॉलर. दोन वर्षं उलटली तरी, घर अर्जाआधीच्या १,२१५ दिवसांत घेतलेलं असेल तर टेक्सासची सूटही साधारणपणे २,१४,००० डॉलरवर थांबते.

पुण्याच्या फ्लॅटचं म्हणाल, तर तो अर्जात दाखवावाच लागतो. जगात कुठेही असलेली मालमत्ता मोजतात: पीपीएफ, गावच्या जमिनीतला हिस्सा, सगळं. तुम्ही त्यात राहत नसल्यामुळे राहत्या घराची सूटही त्याला नाही. ‘भावाच्या नावावर करून टाक’ असा सल्ला कोणीतरी देईलच. ऐकू नका. केंद्राच्या कायद्याने मागच्या दोन वर्षांतली हस्तांतरणं उकरता येतात, राज्याच्या कायद्याने त्याहून मागची. लपवलं तर कर्जमाफी जाते, वर फौजदारी गुन्हा. इथलं ४०१के, म्हणजे नोकरीतलं निवृत्तीसाठीचं खातं मात्र बहुतांशी सुरक्षित असतं, ते घाबरून मोडू नका.

शैक्षणिक कर्ज सहसा माफ होत नाही. आणि भारतातल्या बँकेच्या कर्जाला वडील जामीन असतील, तर इथल्या कोर्टाने तुम्हाला मोकळं केलं तरी बँक त्यांच्याकडे वसुलीला जाऊ शकते. निघण्याआधी त्यांच्याशी एवढं बोलून घ्या.