बोर्ड योजनेचा आहे, पण बाळंतपण त्यात बसतं का?

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे. घरी केशरी रेशनकार्ड आहे. नेहमीच्या डॉक्टर म्हणाल्या, "मी योजना घेत नाही." शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलवर फुले योजनेचा बोर्ड पाहून तिथे गेलो, तर "नॉर्मल डिलिव्हरी योजनेत नाही" असं सांगितलं. मग योजनेतली स्त्रीरोगतज्ज्ञ शोधायची कशी? (सिन्नर)

उत्तर : महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, म्हणजे राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना, डॉक्टरला लागू होत नाही, रुग्णालयाला होते, आणि तीही विभागवार. एखादं हॉस्पिटल हृदयविकार आणि किडनीसाठी योजनेत असतं, पण प्रसूती विभागासाठी नसतं. बोर्ड मात्र सगळ्यांना दिसेल असा लागलेला असतो. त्यामुळे "तुमच्याकडे योजना चालते का?" असं विचारलं की "चालते" एवढंच उत्तर मिळतं आणि फेरा पडतो.

योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या आणि कागद पाहणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. चौकशी तिथेच करा आणि तीन गोष्टी नेमक्या विचारा. स्त्रीरोग-प्रसूती विभाग योजनेत आहे का? मला सांगितलेला उपचार पॅकेजच्या, म्हणजे योजनेतून होणाऱ्या उपचारांच्या, यादीत आहे का? असेल, तर तो फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहे का? हा तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि नकार तिथेच येतो. जवळची रुग्णालयं १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवरही कळतात.

तुमच्या डॉक्टरांनाही एकदा विचारा, "तुम्ही योजनेतल्या एखाद्या हॉस्पिटलात ऑपरेशन करता का?" स्वतःच्या नर्सिंग होममध्ये योजना न घेणाऱ्या पुष्कळ डॉक्टर दुसरीकडे योजनेतल्या केस करतात.

१ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. पण ते भरती होऊन घ्यायच्या, यादीतल्या उपचारांसाठी. दर महिन्याची तपासणी, सोनोग्राफी, लोहाच्या गोळ्या यांचा खर्च त्यातून निघत नाही. साधं बाळंतपण खासगी रुग्णालयात योजनेतून होईल असंही धरून चालू नका.

तुमच्यासाठी खरा आधार दुसरा आहे : जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, २०११ पासून चालू असलेला. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझरसुद्धा, मोफत. औषधं, तपासण्या, रक्त, नॉर्मलनंतर ३ दिवस आणि सिझरनंतर ७ दिवसांपर्यंत जेवण, घरून नेणं आणि घरी सोडणं, सगळं त्यात येतं. रेशनकार्डाचा रंग कुणी विचारत नाही. शिवाय चौथ्या महिन्यापासून, दर महिन्याच्या ९ तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रावर डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तुमच्या माता-बाल संरक्षण कार्डावर (गरोदरपणाच्या तपासण्यांची नोंद असलेलं कार्ड) लाल स्टिकर लागला, तर जोखीम जास्त आहे असं समजा आणि बाळंतपणाची जागा त्याच आठवड्यात पक्की करा.

रुग्णालय निवडताना इमारत पाहू नका. रात्री सिझर होतं का, भूलतज्ज्ञ मुक्कामी असतात की बोलवावे लागतात, रक्त कुठून येतं, नवजात बाळासाठी अतिदक्षता कक्ष आहे का, हे विचारा. ग्रामीण रुग्णालयात नॉर्मल नीट होतं आणि ऐनवेळी सिझरसाठी जिल्ह्याला पाठवतात, असं वारंवार घडतं. ते आधी माहीत असलं, तर गाडी तरी ठरवून ठेवता येते.

आणि एक काम आजच करा. रेशनकार्ड काढून त्यावर तुमचं नाव आहे का ते बघा. लग्न होऊन दोन-दोन वर्षं झाली तरी नाव माहेरच्या कार्डावरच राहतं, आधारवर वडिलांचं आडनाव असतं, आणि भरतीच्या वेळी कागद जुळत नाहीत. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घ्या, तहसीलच्या पुरवठा शाखेत सासरच्या कार्डावर नाव चढवा, आणि कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक टिपून ठेवा. याला वेळ लागतो. पाचव्या महिन्यात सुरू केलंत, तर धावपळ होणार नाही.

प्रश्न : नवरा चाकणला कंपनीत आहे, ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा) कार्ड त्यांच्या नावावर आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, लातूर जिल्ह्यात करायचं आहे. गावाजवळ ईएसआयचा दवाखाना नाही. खर्च मिळेल का? (चाकण)

उत्तर : काही अंशी. विमाधारकाच्या पत्नीला वैद्यकीय सेवा पूर्ण मिळते, मात्र कुटुंबाच्या नोंदीत तुमचं नाव आणि आधार जोडलेलं हवं. २६ आठवड्यांचा पगारी प्रसूती लाभ फक्त स्वतः विमाधारक असलेल्या नोकरदार स्त्रीला असतो. तुम्हाला तो लागू नाही.

ईएसआयच्या सोयी नसलेल्या ठिकाणी बाळंतपण झालं, तर दोन बाळंतपणांपर्यंत प्रत्येकी ७,५०० रुपये प्रसूती खर्च मिळतो. बिलं, डिस्चार्ज कार्ड, जन्मदाखला जपून ठेवा आणि यजमानांमार्फत ईएसआयच्या शाखा कार्यालयात दावा करा. खासगी बिल त्याहून कितीतरी मोठं होऊ शकतं, म्हणून माहेरजवळच्या सरकारी रुग्णालयात सातव्या महिन्यातच नाव नोंदवा. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड न्या.

चाकणला राहून बाळंतपण करायचं ठरलं, तर ईएसआयशी जोडलेल्या खासगी हॉस्पिटलात थेट जाऊ नका. आधी दवाखान्याची किंवा ईएसआय रुग्णालयाची रेफरल चिठ्ठी घ्या. ती नसली की बिल बहुतेक वेळा तुमच्याच अंगावर येतं.

प्रश्न : सासूबाई ४६ वर्षांच्या. गर्भाशयात गाठ आहे, अंगावरून खूप जातं. डॉक्टर म्हणतात पिशवी काढा, फुले योजनेत बसवून देतो. काढावी का? (परळी)

उत्तर : योजनेत बसतं म्हणून पिशवी काढायची नसते. आधी हिमोग्लोबिन, सोनोग्राफी आणि गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी झाली आहे का ते पाहा. गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन वापरून रक्तस्राव आटोक्यात येण्यासारखा आहे का, हे जिल्हा रुग्णालयातल्या किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये तुमच्याच बीड जिल्ह्यात गाजलं होतं, म्हणून दुसरं मत घेताना संकोच करू नका. शस्त्रक्रिया खरोखर लागत असेल, तर आरोग्यमित्रामार्फत पूर्वमंजुरी आल्यावरच भरती व्हा. मंजूर उपचारासाठी कुणी पैसे मागितले, तर पावती मागा आणि तिथूनच १५५३८८ ला फोन लावा.