‘आय ॲम हिअर ओन्ली’ हे इंग्रजी चूक का? ही सवय कशी मोडायची?

चूक म्हणणाऱ्यांना आधी विचारा, ‘मी इथेच आहे’ यातला ‘च’ इंग्रजीत कुठे ठेवायचा? त्यावर आपल्या लोकांनी काढलेली वाट म्हणजे हा ओन्ली.

२०११ साली मी हिंजवडीत नोकरीला लागले. इंग्लंडच्या क्लायंटला रोज संध्याकाळी स्टॉकचा रिपोर्ट पाठवायचा. एकदा सर्व्हर बसला, रिपोर्ट अडकला. फोनवर त्या बाईंना म्हणाले, ‘आय विल सेंड इट टुडे ओन्ली.’ म्हणजे काहीही झालं तरी आजच पाठवते. पलीकडे शांतता. मग घाबऱ्या आवाजात, ‘अँड व्हॉट अबाउट टुमॉरो?’ त्यांना वाटलं, फक्त आज पाठवणार, उद्यापासून बंद.

पुढच्या मीटिंगमध्ये टीम लीडने बोर्डवर ‘ओन्ली’ लिहून त्यावर लाल फुली मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “मराठी मीडियमवाल्यांचं असंच असतं.” हे अजून टोचतं, कारण ते खोटं आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले पुणेकर, गोव्याचे, चेन्नईचे, सगळे असंच बोलतात. कोकणीत ‘च’ आहे, हिंदीत ‘ही’, तमिळमध्ये ‘ए’. ज्या शब्दावर जोर द्यायचा, त्याला हे मागून चिकटतं. अभंगांतल्या ‘तोचि’, ‘तेथेचि’ यांच्यातला ‘चि’ तो हाच. जन्मापासून कानाला तीच सवय, म्हणून ओन्लीसुद्धा मागे जाऊन बसतो. इंग्रज माणूस तेच काम आवाजाने करतो, शब्दावर दाब देतो, नाहीतर ‘राइट हिअर’ म्हणतो. त्याच्या ओन्लीचा पहिला अर्थ ‘फक्त’. ‘कालच आला’ला मात्र ‘ओन्ली येस्टर्डे’ त्याच्याकडेही चालतं, फक्त ओन्ली पुढे घ्यायचा.

त्यामुळे सवय सरसकट मोडू नका. तारीख, वेळ आणि पैसा यांच्या मागे ओन्ली लावायचं तेवढं सोडा, कारण घोटाळा तिथे होतो. ‘टुडे, फॉर शुअर’ म्हणा. घरात, मित्रांत खुशाल बोला. आणि कोणी तुमचं माध्यम काढलं, तर तिथल्या तिथे सांगा की हे मराठी मीडियमचं नाही, मराठीचं आहे, आणि तमिळचं, हिंदीचंही आहे. मी त्या दिवशी गप्प बसले, तुम्ही बसू नका.

हां, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या स्पीकिंगला किंवा परदेशी इंटरव्ह्यूला बसणार असाल तर मात्र महिनाभर आधीपासून बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ऐका आणि मोडाच.