ठाण्यात ट्रस्ट, किसुमूला शाळा

प्रश्न : मी साखर कारखान्यात इंजिनीअर होतो. निवृत्तीआधीची बरीच वर्षं केनियात, किसुमूजवळच्या एका कारखान्यात गेली. पत्नी तिथल्या प्राथमिक शाळेत मुलींना शिवण शिकवायची. आता आम्ही घोडबंदर रोडला राहतो. त्या गावांतल्या मुलांच्या आरोग्य-शिक्षणासाठी दोघांनी मिळून ट्रस्ट काढायचा विचार आहे. मित्रही पैसे देतील, पण त्यांना करसवलतीसाठी 80जीची पावती हवी. मला दोन वर्गखोल्या बांधाव्यात असं वाटतं. ही म्हणते, दरवर्षी डॉक्टरांना घेऊन जाऊ. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : ट्रस्टची घाई करू नका. संस्थांची नोंदणी आणि हिशेब हेच माझं काम, तरी हे सांगते. ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात नोंदणी होईलही, पण अडचण त्यानंतरची आहे. ट्रस्टने उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं, तर आयकर कायद्याप्रमाणे त्यावर करमाफी मिळायला प्रत्यक्ष कर मंडळाचा, म्हणजे सीबीडीटीचा आदेश लागतो. घरगुती ट्रस्टने त्याच्या भरवशावर राहू नये. म्हणून मित्रांना पावतीचा शब्दही देऊ नका.

त्यापेक्षा तुम्ही दोघं आपापल्या खात्यातून थेट देणगी पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या, परदेशी पैसे पाठवायच्या एलआरएस योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यात देणगीही बसते. वर्षाला 10 लाख रुपयांच्या पुढे रक्कम गेली की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर घेते; विवरणपत्र भरताना तो वळता होतो. मित्रांनाही हाच रस्ता मोकळा आहे.

आता खोल्या की डॉक्टर? केनियाने 2003मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि वर्ग तुडुंब भरले, त्यामुळे खोल्यांची गरज तुम्हाला दिसली यात नवल नाही. पण मला काळजी भिंतींच्या आत काय चालेल याची आहे. किसुमूपासून फार लांब नसलेल्या बुसिया भागात मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांनी 75 शाळांमध्ये जंताच्या गोळ्यांचा अभ्यास केला होता. तो 2004मध्ये प्रसिद्ध झाला. गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली, परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत. त्या अभ्यासावर पुढे बरेच वाद झाले, तरी मला त्यातली ही गुणांची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पोट बरं झालेलं मूल शाळेत येऊन बसतं, पण त्याला वाचायला कुणीतरी शिकवावं लागतंच.

ते कसं शिकवायचं, याचं उत्तर आपल्या मुंबईत सुरू झालेल्या एका संस्थेकडे आहे! ‘प्रथम’ संस्थेने इयत्ता बाजूला ठेवून, मुलाला आज जेवढं वाचता येतं त्यावरून गट करून शिकवायची पद्धत बसवली. ती पुढे झांबिया आणि बोट्स्वानातल्या शाळांनी घेतली. यासाठी गावातलीच, मुलांची भाषा बोलणारी तरुण मुलं-मुली लागतात. तुमचा पैसा त्यांच्या पगाराला द्या, आणि निदान पाच वर्षं द्या. पगार मध्येच थांबला की मुलं पुन्हा मागे पडतात.

वहिनींच्या शिबिराबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. परदेशी डॉक्टरला तिथे काम करायला तात्पुरता परवाना काढावा लागतो, ते जमेलही. पण व्हिक्टोरिया सरोवराकाठी मलेरिया मुलांना वर्षभर गाठतो, शिबिराची वाट पाहत नाही. विमानाच्या तिकिटांचा खर्च जवळच्या दवाखान्याला रक्ततपासणीची किट आणि औषधं मिळावीत यासाठी वापरला तर तो बारा महिने पुरेल. मात्र काय कमी पडतं, ते आधी तिथल्या नर्सना विचारा.

हे सगळं करायला किसुमूमधलीच नोंदणीकृत संस्था गाठा. मे 2024पासून तिथे सार्वजनिक हिताच्या संस्थांचा नवा कायदा लागू झाला आहे. त्याखालचं नोंदणीपत्र आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब मागा. संकोच करू नका, चांगली संस्था ते आनंदाने दाखवते. आणि संस्था निवडण्याआधी वहिनींनी आपल्या जुन्या शाळेतल्या शिक्षिकांना फोन करावा. कोणत्या संस्थेची माणसं पावसाळ्यातही शाळेत येतात, हे त्यांना ठाऊक असतं.